बिनलग्नाचा मांडव

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

नापास.

हा शब्द मी स्वतःच्या हाताने लिहितो आहे, कारण दैनंदिनीत खोटे लिहायचे नाही असा माझा नियम आहे. अर्धवट लिहायचे नाही हाही नियम आहे, म्हणून कारणही लिहितो.

हिब्रूच्या पेपरावर सूचना होती : 'उत्तरे उजवीकडून डावीकडे लिहावीत.' मी लिहिली. हिब्रू तर लिहिलेच, पण खाली जी मराठीत स्पष्टीकरणे द्यायची होती, तीही उजवीकडून डावीकडे लिहिली. 'फक्त हिब्रू' असे सूचनेत कुठेही नव्हते. आता परीक्षकाला उलटे वाचायचा कंटाळा आला, तर त्यात विद्यार्थ्याचा काय दोष?

ही वही पुढेमागे कोणाच्या हाती लागली तर माहिती असावी : मी तेजराम सेलोकर, राहणार आंधळगाव, तालुका मोहाडी. बस स्टँडजवळ मोटार वाइंडिंगचे दुकान आणि थोडी धानाची शेती. वाइंडिंग मला कोणी शिकवले नाही. जळलेली मोटार उघडली, तार मोजत काढली, तशीच नवी भरली. बारावी मी पोरींच्या बरोबरीने बाहेरून दिली. आता पन्नाशी ओलांडल्यावर घरबसल्या बी.ए. करतो आहे. मुख्य विषय इतिहास, मायनर हिब्रू भाषा व संस्कृती.

हिब्रूच कायले, असे अख्खे गाव विचारते. यादीत पर्यटन होते. मोठा भाऊ भैयाजी म्हणाला, "पर्यटन घे बे, फिराले तरी भेटन." पण पर्यटन कोणीही घेईल. हिब्रू येणारा मोहाडी तालुक्यात एकही नाही, याची मी तहसील कार्यालयात जाऊन खात्री केली. तिथल्या बाबूने लेखी द्यायला नकार दिला, पण तोंडी मान्य केले.

भाषा तशी सोपी आहे. एक गोष्ट मात्र पटत नाही. ते लोक लिहिताना स्वर बहुतेक गाळतात आणि वाचणाऱ्याने ओळखून घ्यायचे. मी असे वाइंडिंग केले असते तर दुकान केव्हाच बंद पडले असते.

बायकोला निकाल सांगितला. शकुंतला म्हणाली, "जाऊ द्या, भात गरम आहे." हिला विद्येचे काही नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

रीता मॅडमचा फोन आला. या आमच्या हिब्रूच्या शिक्षिका. म्हणाल्या, "सेलोकर, तुमचा पेपर मी वाचला. दोन दिवस लागले. अभ्यास आहे तुमचा, पण मार्क कुठे देऊ ते मला सापडेना."

एक संधी दिली आहे. ज्यूंचा सुक्कोत नावाचा सण येतो आहे. त्या सणात घराबाहेर फांद्यांची झोपडी बांधतात, तिला सुक्का म्हणतात, आणि आठवडाभर तिच्यात जेवतात. वाळवंटातून भटकणाऱ्या पूर्वजांची आठवण म्हणून. मला तशी झोपडी बांधून रोज एक जेवण तिच्यात करायचे आहे, शेजाऱ्यांना बोलवायचे आहे, आणि १२ ऑक्टोबरला, रविवारी दुपारी, झोपडीत बसून फोनवर तोंडी परीक्षा द्यायची आहे. पूजा-प्रार्थना करायची नाही. "ती त्यांची आहे, आपण फक्त समजून घ्यायचं," असे मॅडम म्हणाल्या. योग्य आहे. यात पास तर मायनर पास. नाही तर हिब्रू सोडून पर्यटन.

पर्यटन! भैयाजीचा चेहरा डोळ्यासमोर आला.

२१ सप्टेंबर, रविवार

आज सर्वपित्री. पवनीहून धनंजयरावांचा फोन आला. खताचे मोठे दुकान आहे त्यांचे. मुलगा मनिष तेच सांभाळतो. आमच्या धाकट्या उर्वशीला ते एकदा पाहून गेले आहेत. पितृपक्षात सोयरिकीचे बोलू नये हे त्यांना पक्के माहीत आहे, म्हणून सुरुवातीलाच म्हणाले, "मी बोलून नाही राहिलो, फक्त विचारून राहिलो." माणूस काटेकोर आहे. मला आवडला.

दसऱ्यानंतर पक्के करू म्हणाले. उर्वशीला नागपूरच्या बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली आहे, दिवाळीनंतर रुजू व्हायचे आहे, हे मी सांगितले. ते म्हणाले, "आमच्या घरच्या सुना नोकरी नाई करत जी. दुकानात बसते. बसल्या बसल्या हिशोब."

उर्वशीला सांगितले. ती पोळ्या लाटत होती.

"मंग माह्या नोकरीचं काय?"

"दुकान काही वाईट नाही. बियाणेही असतेच तिथे."

"विकत असते, बाबा. तपासत नाई."

पोरीला बारकावा कळतो. माझ्यावर गेली आहे. लाटणे मात्र जरा जोरात आपटत होती. ओटा उंच आहे, तिला जमत नाही. सुताराला सांगायला हवे.

२८ सप्टेंबर, रविवार

झोपडीच्या जागेवरून दिवसभर खल. मी मागच्या आवारातल्या कडुनिंबाखाली जागा आखली होती. सावली, विहीर जवळ. मग मॅडमने पाठवलेले नियम पुन्हा वाचले आणि हादरलो. सुक्का झाडाखाली चालत नाही. छपराखाली चालत नाही. वर थेट आकाश पाहिजे. छप्पर जमिनीतून उगवलेल्या आणि कापलेल्या फांद्यांचेच पाहिजे. ऊन कमी आणि सावली जास्त, पण इतकीही नाही की रात्री तारे दिसू नयेत.

मागे सगळीकडे कडुनिंब पसरला आहे. मी डोके धरून बसलो. तेव्हा उर्वशी म्हणाली, "मंग समोर दारापुढंच टाका ना, बाबा. तिथं आभाळ मोकळं आहे."

किती साधी गोष्ट! शकुंतलेने तिच्याकडे पाहिले आणि पदर तोंडाला लावला. तिला धुळीचा त्रास आहे.

फांद्या जांभळाच्या आणायच्या. पाने मध्यम दाट, आठवडाभर गळत नाहीत. नाकाडोंगरीला आमची मोठी पोर दिली आहे, तिकडे जांभळे बक्कळ. उर्वशीने लगेच जावयाला, विनोदला, फोन केला. पोर माझ्या अभ्यासात इतका रस घेईल असे वाटले नव्हते.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसरा झाला. आज जावई ट्रॅक्टरची ट्रॉली भरून जांभळाच्या फांद्या घेऊन आले. ट्रॉलीला केळीचे खांब बांधलेले. मी विचारले हे कायले? विनोद म्हणाला, "उर्वशीनं सांगतलं, शोभेन म्हून." नियमात केळीला मनाई नाही. राहू दिले.

बांबू रोवले, फांद्या टाकल्या. विनोद कामाला पक्का माणूस, पण समज कमी. छप्पर दाट करत सुटला. मी शिडीवर चढून त्याने टाकलेल्या फांद्या उपसत होतो.

"मामाजी, पाणी येईन ना खाली!"

"यायलाच पाहिजे."

"बापा! मंग मांडव कायले टाकून राहिलो आपण?"

"हा मांडव नाही. सुक्का आहे."

"हाव, पण पाणी येईन."

तेवढ्यात माझी आत्या, आनंदाबाई, काठी टेकत आली. चारी बाजूंनी फिरून पाहिले. विचारले, "तेज्या, डहाळे कोनं आनले?"

"विनोदरावांनी."

"जवायानं आनले. हं. आन दारापुढं टाकला. हं." आणि निघून गेली. नंतर आंब्याच्या पानांचे तोरण पाठवून दिले. म्हातारीला संस्कृतीची जाण आहे.

उर्वशीने फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली एवढेच लिहिले : 'आमच्या दारी.' मी म्हटले, हा सुक्का आहे असे लिही, माहिती पूर्ण पाहिजे. ती म्हणाली, "ज्यायले समजाचं त्यायले समजन, बाबा."

४ ऑक्टोबर, शनिवार

गावाचे डोके फिरले आहे.

दुकान उघडले तर बँडवाला बसलेला. म्हणे, "तेजरामभाऊ, तारीख सांगा, मी दुसरीकडं शब्द देल्ला नाई." त्याच्यामागे आचारी. मग मोटार घ्यायला आलेले गिऱ्हाईक मोटार विसरले आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "होते कधी कधी. पोरीच्या बापाले सहन करा लागते."

काय होते? काय सहन करायचे?

दुपारी भैयाजी आला. चप्पल न काढता. "सख्ख्या भावाले न सांगता पोरीचं लगन? तेही चातुर्मासात? तुळशीचं लगन नाई झालं अजून आन तू मांडव टाकून बसला! इतकी का घाई आली बे? काय झालं?"

मी त्याला शांतपणे सुक्कोतचा इतिहास सांगितला. इजिप्तपासून सुरुवात केली. तो वाळवंटापर्यंत ऐकत होता, मग म्हणाला, "दारापुढं टाकला का नाई?"

"टाकला."

"जांभळाचे डहाळे?"

"जांभळाचे."

"जवायानं आनले?"

"हो, पण..."

"मंग तो लगनाचाच मांडव आहे! इजिप्तचे लोक का येणार आहे पाहाले? गाव पाहाते!"

मी पहिल्यांदा बाहेर जाऊन, रस्त्यापलीकडे उभा राहून पाहिले. दारापुढे हिरवा मांडव, केळीचे खांब, आंब्याचे तोरण. खरे सांगायचे तर मोठ्या पोरीच्या लग्नाला याहून साधा होता.

नियमांच्या पुस्तकात झाडाखाली बांधू नये हे आहे. विदर्भात बांधू नये असे कुठेही नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

त्यांचा सण आजपासून आणि आपली कोजागिरी. दोघेही पौर्णिमा धरून चालतात! हे मी मॅडमना कळवले. त्या म्हणाल्या, "तुम्हाला आज कळलं?" मला ते खटकले. पण मान्य.

शेजारी बोलावले. सगळे आले. इतके लोक माझ्या हिब्रूसाठी येतील असे वाटले नव्हते. बायकांनी मसाला दूध केले, लाखोरीच्या डाळीचे वडे केले. चंद्र वर आला आणि पानांतून ताटांवर पडला. मी वाळवंटाविषयी चार शब्द बोललो. लोक उर्वशीकडेच पाहत होते. एका बाईने विचारले, "पोरगा कोणता आहे व?" उर्वशी म्हणाली, "अजून ठरला नाई, काकू. बाबाचा अभ्यास चालू आहे."

आनंदाबाई मांडवाखाली बसून वर पाहत म्हणाली, "चांद दिसते. जवायानं मांडव बिघडवला."

मी म्हटले, दिसलाच पाहिजे, तारेही दिसले पाहिजेत.

"तुह्या बापाच्या लगनात इतका दाट मांडव होता का दिवसा कंदील लावला." आणि आवाज खाली करून म्हणाली, "हे पाहा तेज्या, मांडव टाकला का त्यातून कोनाची न कोनाची पाठवणी झाली पायजे. रिकामा मांडव उतरवला का घराले बाधते. एवढं ध्यानात ठेव."

अंधश्रद्धा. पण नोंद केली.

८ ऑक्टोबर, बुधवार

जेवताना पाऊस आला. घरचे ताटे उचलून आत पळाले. मी बसून राहिलो, कारण नियम स्पष्ट आहे : कालवण बिघडेल इतका पाऊस आला तरच आत जायची मुभा. मी वरणाची चव घेत होतो. बिघडले नव्हते, पातळ झाले होते. पातळ म्हणजे बिघडलेले का, याचा खुलासा नियमात नाही. शकुंतला दारातून ओरडली, "अजी, आता वरण नाई, तुमीच बिघडान! या अंदर!"

मी मॅडमना फोन लावला. त्या एवढ्या हसल्या की उत्तर ऐकू आले नाही.

पावसात भिजत असतानाच पवनीहून धनंजयरावांचा फोन आला. आवाज थंड.

"सेलोकर, तुमच्या घरी मांडव पडला म्हणते."

"सुक्का आहे."

"सुक्का असो का ओला. पोरगी दुसरीकडं देऊन राहिले त आमाले सांगाचं होतं."

मी पुन्हा इजिप्तपासून सुरुवात केली. ते म्हणाले, "मी रविवारी येतो. डोयानं पाहातो. दारी मांडव दिसला त गोठ संपली."

रविवारी! रविवारीच माझी परीक्षा, आणि तीही सुक्क्यात बसून.

भैयाजी म्हणाला, "उद्याच्या उद्या मोड. पवनीवाले म्हणजे सोनं. एका पेपरासाठी पोरीचं वाटोळं करशील का?"

मांडव ठेवला तर सोयरीक जाते. मोडला तर हिब्रू जाते. झोप नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

उर्वशीला सगळे समोर बसवून सांगितले. म्हटले, पोरी, निर्णय तुझा. तू म्हणशील तर आत्ता मोडतो आणि पर्यटन घेतो.

तिने क्षणभरही विचार केला नाही. "नाई बाबा. मांडव राहू द्या."

"पवनीवाले परत जातील."

"जाऊ द्या. तुमचं शिक्षण पहिले. माहं काय आहे, माहं होईन कसंबी."

माझ्या डोळ्यांत पाणी आले. आपल्या आयुष्याचे सोने एका बापाच्या मायनर विषयासाठी लाथाडणारी अशी मुलगी मी कोणत्याही इतिहासाच्या पुस्तकात वाचली नाही. इतका मोठा त्याग, आणि चेहऱ्यावर दुःखाची रेषा नाही! उलट तोंड फिरवून खांदे हलवत होती. रडत असावी. शकुंतलाही तिच्यामागोमाग आत गेली आणि दोघी बराच वेळ दार लावून बसल्या. मी दार वाजवले नाही. बायकांना रडू द्यावे.

१२ ऑक्टोबर, रविवार

आजचे सगळे क्रमाने लिहितो.

या सणात एक फळ लागते, आपल्याकडे त्याला महाळुंग म्हणतात. लिंबाच्या जातीचे, मोठे, खडबडीत, आणि टोकाला एक लहानसा देठासारखा कोंभ. तो कोंभ मोडला की फळ बाद. मी ते भंडाऱ्याच्या एका वैद्याकडून मिळवले होते. तो कोंभ मोडू नये म्हणून मोटारीच्या डब्यात, कापसात ठेवून आणले. घरात उर्वशीशिवाय कोणाला हात लावू दिला नव्हता.

दुपारी जेवण मांडले. फोन एका जुन्या मोटारीच्या सांगाड्याला टेकवून ठेवला. मॅडम पडद्यावर आल्या. तेवढ्यात गाडी थांबली. धनंजयराव, सोबत त्यांचे दोघे. मनिष दुकान सोडून आला नव्हता. भैयाजी धावत पुढे गेला आणि म्हणाला, "या, या! हे त अभ्यासाचं आहे जी, लगनाचं नाई!" मीही म्हटले, बसा, आधी जेवा. मॅडम फोनमधून म्हणाल्या, "वा, पाहुणे! सुक्क्यात पाहुणे म्हणजे उत्तम!"

धनंजयराव फोनकडे पाहून दचकले, पण बसले. आम्हालाही वाटले, माणूस जेवला की अर्धी गोष्ट झाली.

उर्वशीने वाढले. भात, वरण, वांग्याची भाजी. महाळुंग सांभाळायला मी तिलाच दिले होते. तिने ते एका ताटलीत घालून धनंजयरावांच्या ताटाजवळ ठेवले. घाईत होते असे.

मॅडमनी प्रश्न सुरू केले. झोपडी कशाची, का, केव्हा. माझी उत्तरे एकेक पक्की. पाठीमागून भैयाजीसुद्धा मान हलवत होता. मग मॅडमनी विचारले, "आता त्या फळाविषयी सांगा."

मी फळाकडे बोट दाखवायला वळलो. फळ ताटलीत नव्हते. धनंजयरावांच्या मुठीत होते. ते भातावर पिळायला बघत होते. महाळुंगाची साल बोटभर जाड, रस काय निघणार? म्हणून त्यांनी ते तोंडाशी नेले आणि दाताने टोक तोडले.

टोक.

मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून विचार न करता हिब्रू बाहेर पडले : "झे पसूल!" म्हणजे, हे बाद झाले.

धनंजयरावांनी टोक थुंकले. "काय म्हणलं तुमी? मले शिवी देल्ली?"

"नाही नाही," मॅडम फोनमधून आनंदाने ओरडल्या, "अगदी बरोबर बोलले ते! एकदम बरोबर! परत म्हणा, सेलोकर!"

विद्यार्थ्याने शिक्षकाचे ऐकायचे असते. मी परत म्हटले. बोट त्यांच्याकडेच होते, कारण फळ त्यांच्याकडेच होते.

"आन या बाईबी म्हणते बरोबर आहे! ताटावर बसवून शिवी! माह्या पुऱ्या आयुष्यात..."

भैयाजी त्यांचे पाय धरायचा बाकी राहिला. "त्याचं असंच आहे जी, लहानपणापासून. मोटारीचा करंट लागला आहे त्याले."

मी म्हणालो, "फळ खाली ठेवा. बाद असले तरी उदाहरण म्हणून लागेल."

धनंजयराव उठले. वरून जांभळाची पाने त्यांच्या टोपीवर पडली. गाडीत बसताना म्हणाले, "पोरगी चांगली आहे. घर पागलाचं आहे."

मी परत फोनसमोर बसलो. परीक्षा अर्धवट सोडायची नाही. मॅडमचा पडदा बराच वेळ नुसता हलत होता. मग त्या डोळे पुसत म्हणाल्या, "पुढचा प्रश्न नको, सेलोकर. बस झालं."

उर्वशीने सगळ्यांना जास्तीचा भात वाढला.

१३ ऑक्टोबर, सोमवार

पवनीहून निरोप आला. सोयरीक मोडली.

सण संपला, झोपडी काढायची वेळ. कोयता घेऊन बाहेर आलो तर आनंदाबाई खांबाला टेकून बसलेली. "हात लावजो नको. रिकामा उतरवत नसते. तुळशीच्या लगनापर्यंत राहू दे. तुळशीची पाठवणी करू या मांडवातून, मंग खोल."

पोरीचे माझ्यामुळे मोडले, म्हणून मी वाद घातला नाही. आता रोज त्याच वाळक्या पानांखालून दुकानात जातो. पाने डोक्यावर पडतात. मी झटकत नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

पास. मॅडमनी शेरा पाठवला आहे : 'विद्यार्थ्याने भाषा प्रत्यक्ष प्रसंगात, उत्स्फूर्तपणे आणि अचूक वापरली.' गुण वर्गात सर्वांत जास्त. मॅडम म्हणतात, वर्गात फारसे विद्यार्थीच नाहीत. तरीही सर्वांत जास्त ते जास्तच.

पेढे आणले, पण पुडा उघडला नाही. उर्वशीजवळ बसलो. म्हटले, पोरी, माझ्या हिब्रूने तुझे घर मोडले. काय करू सांग.

तिने मांडवाकडे पाहिले. मग म्हणाली, "बाबा, इथं राहिली त मले पवनीची याद येत राहीन. नागपूरले जाऊ का? त्या नोकरीवर? मन रमन."

बिचारी. मी म्हटले, जा. आजच कळव त्यांना. खोली मी पाहून देतो. "दु:ख विसरायचे तर काम हेच औषध," असे मी म्हणालो. ती माझ्या खांद्यावर डोके ठेवून म्हणाली, "हाव बाबा."

नंतर फोनवर मैत्रिणीशी बोलत होती. आवाज मोठा होता. मनातले लपवायला माणूस कधी कधी मोठ्याने हसतो, असे मी कुठेतरी वाचले आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार

आज उर्वशी नागपूरला गेली.

सकाळपासून गाणे म्हणत पिशव्या भरत होती. मी बियाण्यांवर एक पुस्तक आणून दिले. तिने उघडून दुसऱ्याच पानावर चूक काढली. बरोबर होती. चूक मी प्रकाशकाला कळवणार आहे.

निघताना सगळी गल्ली जमली. बोलावले कोणी नव्हते. मांडवाखाली बायका उभ्या राहिल्या आणि एकीला रडू आले तशा सगळ्या रडायला लागल्या. शकुंतला काल रात्रीपर्यंत हसत होती, तीही रडली. आनंदाबाईने उर्वशीला मांडवाच्या मध्ये उभे केले, कुंकू लावले, हातात नारळ दिला.

"आत्याबाई, मी नोकरीले जाऊन राहिली," उर्वशी म्हणाली. "लगन नाई झालं माहं."

"मले का समजत नाई? उभी राह्य सरळ." म्हातारीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "पैसे तू ठेवजो. पाठवजो नको सगळे. आन कोनी उलटं बोललं त तुह्या बापासारखं बोलजो, त्यायले समजत नाई असं."

भैयाजीही आला होता. एका हातात तिची ट्रंक घेतली. मी दुसरी बाजू धरायला गेलो तर म्हणाला, "राहू दे, मी नेतो. मोठा भाऊ आहे ना." आणि नाक ओढले. सर्दी झाली आहे त्याला.

बसमध्ये बसवून आलो. खिडकीतून हात हलवत होती. खूप हलवत होती. इतका हात मी तिला पवनीवाल्यांसमोर एकदाही हलवताना पाहिले नाही. हे मला बस दिसेनाशी झाल्यावर लक्षात आले. यावर अजून विचार केलेला नाही. करीन.

परत आलो तर आनंदाबाई मांडवाखाली एकटी बसली होती.

"आता तुळशीची वाट पाहाची गरज नाई," ती म्हणाली. "मांडवातून पोरगी गेली. झालं त्याचं काम. खोल."

मी सुतळ्या सोडायला बसलो. विनोदच्या गाठी पक्क्या आणि पाण्याने आवळलेल्या. शकुंतला म्हणाली, "अजी, कोयत्यानं कापा ना, दिवस बुडाला."

पण सुतळी पुन्हा कामाला येते. वाया घालवणे माझ्या तत्त्वात बसत नाही. एक बाजू सुटली आहे. बाकीची हळूहळू सोडवतो आहे.